वाळूतली खुंटी

फलटणकडच्या काळ्या रानात खुंटी ठोकायची आमची एक रीत आहे. उन्हाळ्यात जमीन दगड होते, म्हणून आधी घागरभर पाणी ओतायचं, माती नरमली की खुंटी मारायची. चिखल वाळला की ती बैलालाही उपटत नाही. हे शहाणपण मी थेट कोकणातल्या समुद्रावर घेऊन गेलो.

मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी, असे तिघं घाट उतरून एका निर्मनुष्य किनाऱ्यावर तंबू टाकायला गेलो होतो. बायकोनं मोबाइलवर सगळं बघून ठेवलेलं. म्हणाली, "आवं, वाळूत खुंट्या टिकत न्हाईत. पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून पुरायची असती."

"मला शिकवतीस व्हय? सारा जलम खुंट्या ठोकण्यात गेला माजा!"

समुद्राचंच पाणी बादलीनं ओतलं. वाळू घट्ट बसली, खुंट्या हलेनात. माझी मान ताठ.

जेवून मुलगी तंबूत झोपली. बायको भांडी घासत होती, मी सुरूच्या झाडांकडे सरपण गोळा करत होतो. ऊन कडक, वारा वाढलेला. माती वाळली की धरते आणि वाळू वाळली की सोडते, एवढी साधी गोष्ट मला बायकोच्या किंकाळीनं कळली. तंबू मुलीसकट उलटून उतारानं पाण्याकडे लोळत चालला होता. मी धावलो, पण वाळूत पाय उचलेनात. बायकोनं तंबूवर अंग टाकलं तेव्हा पहिली लाट दोघींच्या खालून गेली.

पोरीचा ओठ फुटला होता. बाकी काही नाही. बायकोनं पदरानं तिचा ओठ पुसला.

तंबू वर, झाडांच्या कडेला नेला. तिनं भाजीच्या पिशव्या रिकाम्या करून वाळू भरली. मी हातभर खड्डे खणले, दोऱ्या बांधल्या, पिशव्या पुरून वर वाळू दाबली. दोरीला सगळं वजन टाकून ओढलं. तसूभर हललं नाही.

"ये बाळा, आता काय बी हुत न्हाई," मी म्हणालो.

माझ्या भरवशावर विहिरीत डोळे मिटून उडी टाकणारी पोरगी ती. आईचा हात धरून तिथंच उभी राहिली.

"मम्मी, ह्यो तू बांधलास का पप्पानी?"

"मी," बायको म्हणाली.

सगळ्या गाठी माझ्या हातच्या होत्या. तरी मी होकाराची मान डोलावली, तेव्हा कुठं ती आत गेली.