बिनविरोध आबा बोटीवर जातात

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडी बाजारात आनंदराव आबा शिरले की भाजीवाले भाव सांगायचं थांबवतात. आबा भाव विचारतच नाहीत. पिशवी भरून घेतात, "घरी ये" म्हणतात आणि पुढं सरकतात. विकास सोसायटीचे ते चेअरमन आहेत. कधीपासून, ते आता सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नक्की सांगता येत नाही. दरवेळी बिनविरोध. सर्वसाधारण सभेत आबा उभे राहतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि एकच शब्द विचारतात, "मंजूर?" समोरून "मंजूर, मंजूर" असा पेंगुळलेला आवाज येतो, पाठोपाठ चहा येतो आणि सभा संपते. काय मंजूर झालं ते लोकांना सवडीनं कळतं.

घरातही हाच कारभार. आबांना तहान लागली की ते पाणी मागत नाहीत, घसा खाकरतात. दुसऱ्या खाकरण्याच्या आत सिंधूबाईंनी तांब्या आणलेला असतो. लग्नाला चाळीस वर्षं होत आली आणि या व्यवस्थेबद्दल एकदाही तक्रार आली नाही, असं आबा पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. त्या वेळी सिंधूबाई स्वयंपाकघरात पाहुण्यांचा चहा करत असतात.

तर लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलानं, म्हणजे विश्वजीतनं, भेट दिली. विश्वजीत रांजणगावच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे आणि तिथल्या साहेब लोकांच्या सुट्ट्या त्याला फार आवडतात.

"आबा, शिडाची बोट हाय. रत्नागिरीतून निघायचं, चार दिवसांत मालवण. चार पाहुणे आन् एक कॅप्टन. पार नवख्यांसाठी हाय. समद्यांनी मिळून चालवायची."

आबांच्या कानांनी यातलं "चालवायची" एवढंच आत घेतलं. "नवख्यांसाठी" आणि "मिळून" हे दोन शब्द उंबऱ्याबाहेरच राहिले. संध्याकाळपर्यंत चौकात बातमी गेली की आबा जहाज चालवायला चालले. आबांचा उजवा हात हनुमंत, ज्याला स्वतःचं असं मत गेल्या वीस वर्षांत सुचलेलं नाही, त्यानं लगेच "कॅप्टन आबा" म्हणायला सुरुवात केली. दौंडकडच्या सासुरवाडीलाही फोन गेला. तिकडून मेहुण्यानं एवढंच विचारलं, "दाजी, समुद्रात व्हय? का भीमेच्या पाण्यात?" आबांनी फोन ठेवून दिला. मेहुण्याची अक्कल पहिल्यापासून बेताचीच आहे, असं त्यांचं मत होतं.

रत्नागिरीच्या धक्क्यावर आबा सिंधूबाईंसह, पांढरंशुभ्र धोतर नेसून, टोपी घालून आणि सत्काराचं सामान घेऊन उतरले. सत्काराचं सामान म्हणजे शाल आणि नारळ. कुठल्याही साहेबाला भेटल्या भेटल्या शाल घालायची, मग तो आपलाच होतो, हे शास्त्र त्यांनी तालुक्याच्या कचेऱ्यांत पक्कं केलं होतं. बोटीवर एक दाढीवाला, भारदस्त गृहस्थ उभा होता. आबांनी त्याला शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि फोटोसाठी खांद्याला खांदा लावला. तो गृहस्थ विक्रम नावाचा पुण्यातला दातांचा डॉक्टर निघाला. बायको सोनमला घेऊन तोही आयुष्यात पहिल्यांदाच बोटीवर आला होता. शाल त्याला फार आवडली.

तेवढ्यात दोर गुंडाळत बसलेल्या एका मुलीला आबांनी फर्मावलं, "पोरी, बॅगा आत ठेव." मुलीनं मुकाट्यानं बॅगा आत ठेवल्या. मग हात पुसत म्हणाली, "नमस्कार आबा, मी स्नेहल. चार दिवस बोट माझ्याकडे आहे."

आबांनी तिच्याकडं पाहिलं, शालीकडं पाहिलं आणि दुसरी शाल आणायला हवी होती, हे त्यांच्या ध्यानात आलं.

पण हार मानतील ते आबा कसले. तळेगावातून शिरूरला जाणाऱ्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा नेहमी त्यांचीच असते. इथं ड्रायव्हरशेजारी जागा नव्हती, म्हणून त्यांनी थेट सुकाणूच्या चाकामागच्या जागेवर आपला टॉवेल टाकला. स्नेहलनं तो घडी करून परत दिला. "इथं आळीपाळीनं बसायचं आबा. प्रत्येकाची पाळी येईल."

आबांची पाळी पहिल्याच दुपारी आली. स्नेहलनं चाक हाती दिलं, लांबचा एक डोंगर दाखवला आणि म्हणाली, "तिकडं जायचंय, पण वारा समोरून आहे. सरळ गेलं तर बोट थांबते. थोडं डावीकडं, मग थोडं उजवीकडं, असं तिरकं तिरकं जायचं."

"आमी आडवळणाची मान्सं न्हाई," आबा म्हणाले. "सरळच जाऊ."

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक काम सरळ रस्त्यानं केलं नव्हतं, त्यानं समुद्रात येऊन सरळपणाचं तत्त्व सोडायला साफ नकार दिला. बोट वाऱ्यासमोर गेली, शीड फडफडलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं. आबांनी चाक डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं, शेवटी घसासुद्धा खाकरून पाहिला. वारा काही तांब्या घेऊन आला नाही. स्नेहलनं पुन्हा समजावलं. आबांनी मान डोलावली आणि पुन्हा सरळ नेली. तिसऱ्या वेळी शीड असं दणक्यात एका बाजूला फिरलं की आबांची टोपी उडाली आणि अरबी समुद्राच्या मालकीची झाली. त्यानंतर त्यांना पित्त झालं. उलटी म्हणायचं नाही, पित्त. ते दिवस मावळेपर्यंत होत राहिलं.

त्यांच्यानंतर पाळी सिंधूबाईंची. "मला मेलीला काय येतंय," म्हणत त्या चाकाला अशा बिचकत हात लावायला गेल्या, जणू तापलेला तवाच आहे. पहिल्यांदा बोट साप गेल्यासारखी वेडीवाकडी गेली. सिंधूबाई खुदकन हसल्या. मग त्यांनी स्नेहलला विचारलं. मग पुन्हा विचारलं. "आता वारं कुठनं हाय गं? आता वळवू का थांबू? चुकलं का माझं?" एका दुपारभरात त्यांनी जेवढे प्रश्न विचारले, तेवढे चाळीस वर्षांत विचारले नसतील. आबांना आतल्या बाकावर पडल्या पडल्या सगळं ऐकू येत होतं आणि त्यांना बायकोची लाज वाटत होती. चारचौघांत आपल्याला येत नाही म्हणून सांगायचं म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी भांड्यांची पाळी आबांवर आली. सिंधूबाई सवयीनं उठल्या, पण स्नेहल म्हणाली, "काकू, तुम्ही बसा. आज आबांचा नंबर." आबांनी विक्रमकडं पाहिलं. एवढा शिकलेला पुरुष आपल्याला साथ देईल अशी त्यांची खात्री होती. विक्रमनं त्यांना घासणी दिली. आबांनी ताटं घासली. एक ताट हातातून निसटून समुद्रात गेलं, ते त्यांनी वरुणदेवाला वाहिलं असं जाहीर केलं. सोनम हसली. सिंधूबाई हसल्या नाहीत, फक्त पदर तोंडाला लावून बराच वेळ डोंगराकडं बघत बसल्या.

तिसऱ्या दिवशी किनारा जवळ आला, तशी फोनला रेंज आली आणि आबांच्या अंगात जीव आला. हनुमंताचा फोन होता.

"कॅप्टन आबा, आमी दोन जीपा भरून निघालोय. उद्या सकाळी मालवणच्या धक्क्यावर. हार हाय, फटाके हायती. दौंडवरनं तुमचे मेव्हनेबी येत्यात. तुमी बोट चालवत आत आला की आमी घोषणा सुरू करतो."

दोन जीपा म्हणजे निम्मी सोसायटी. त्यात मेहुणा. उद्या धक्क्यावर बोट नेताना आपण चाकावर दिसलो नाही, तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

संध्याकाळी एका खाडीत नांगर टाकल्यावर स्नेहलनं सगळ्यांना जवळ बोलावलं. "उद्या बंदरात बोट कुणीतरी एकानंच न्यायची. मी शेजारी उभी असेन. कोण नेणार, ते तुम्हीच ठरवा."

सभा म्हटल्यावर आबा आपसूक उभे राहिले. चष्मा कपाळावर चढवला. "मी वयानं मोठा हाय, अनुभव हाय. उद्या मी नेतो. मंजूर?"

खाडीत भरतीचं पाणी बोटीला चुबुकचुबुक लागत होतं, तेवढाच आवाज आला.

मग सोनम म्हणाली, "मला वाटतं काकूंनी न्यावी. त्यांना छान जमतं." विक्रमनं मान हलवली. स्नेहल म्हणाली, "ठीक आहे, हात वर करून ठरवू. आबांसाठी कोण?"

आबांनी स्वतःचा हात वर केला. आयुष्यात स्वतःला मत द्यायची वेळ प्रथमच आली होती आणि हात वर करताना त्यांना फार उघडं पडल्यासारखं वाटलं. पण हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. विक्रम आणि सोनम तिकडं, आपण आणि सिंधू इकडं. समान मतं. समान मतं पडली की चेअरमनला जादा मत असतं, हे कुणालाही विचारा.

सिंधूबाईंचे हात मांडीवरच होते.

"काकूंसाठी कोण?" विक्रम आणि सोनमचे हात वर गेले. सिंधूबाईंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा चाकाकडं. मग त्यांचाही हात वर गेला. पूर्ण नाही, खांद्यापर्यंतच, पण तेवढ्यानं भागलं.

अंधार पडला, तसे आबा बोटीच्या कडेला जाऊन बसले. सिंधूबाई शेजारी येऊन बसल्या, तेव्हा ते समुद्राकडं बघतच म्हणाले, "भर सभेत इरोधात गेलीस. चाळीस वर्षांत कवा गेली न्हाईस."

"चाळीस वर्षांत कवा इचारलं कुनी?" सिंधूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. भाकरीला मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं सांगितलं. "तुमी मंजूर म्हनायचा, आमी मंजूर. आज ती पोरगी म्हनली, कुनाला पायजे सांगा. मला पायजे व्हतं, म्हनून सांगितलं."

आबांना राग यायला हवा होता. तो येईल म्हणून ते वाट पाहत होते. त्याऐवजी त्यांना सोसायटीचा हॉल आठवला, पेंगणारी माणसं आठवली, तो "मंजूर, मंजूर" आठवला आणि त्यांना भीती वाटली. त्या हॉलमध्ये आजवर कुणाला काय पाहिजे होतं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

सकाळी वारा चांगला होता. सिंधूबाईंनी पदर खोचला, चाकामागं उभ्या राहिल्या आणि बोट बंदराकडं निघाली. आबांनी आत बाकावर जाऊन पित्त करून घ्यावं, असा विचार केला होता. पण शिडाच्या दोराजवळ माणूस हवा होता आणि पाळीप्रमाणे तो माणूस आबाच होते. ते बोडक्या डोक्यानं दोराजवळ बसले.

धक्का दिसू लागला. धक्क्यावर माणसांची गर्दी दिसू लागली. गर्दीत हनुमंताच्या हातातला हार दिसू लागला. बंदरात आणखी बोटी नांगरलेल्या होत्या आणि त्यांच्यामधून वाट काढायची होती. सिंधूबाईंच्या कपाळावरून घाम ओघळला. स्नेहल त्यांच्या बाजूला उभी राहून हळू आवाजात सांगत होती, पण सिंधूबाईंनी वळून नवऱ्याकडं पाहिलं.

"आवो," त्या म्हणाल्या, "माझ्यानं हुईल ना?"

आबांनी तोंड उघडलं. चाळीस वर्षांचं ठरलेलं उत्तर जिभेवर तयार होतं, मी सांगतो तसं कर. ते त्यांनी गिळलं.

"मला नको इचारूस," ते म्हणाले. "मला न्हाई येत ह्यातलं. त्या पोरीला इचार."

हे वाक्य आबांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं आणि त्यांच्या अपेक्षेपेक्षा ते सोपं निघालं. सिंधूबाईंनी स्नेहलकडं मान वळवली. "दोर हळूहळू सैल करा," असा स्नेहलचा हुकूम आला आणि आबांनी "किती?" म्हणून विचारलं. "थोडा. अजून थोडा. बास." आबांनी बास केलं.

तेवढ्यात धक्क्यावरून पहिला फटाका वाजला. चाकावर कोण आहे, हे हनुमंताला अजून दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही पटलं नव्हतं. त्यानं हार उंच धरला आणि गर्दी एका सुरात ओरडायला लागली, "कॅप्टन आबा आगे बढो." त्या गदारोळात स्नेहलचा आवाज बुडाला. बोट शेजारच्या होडीकडं सरकत निघाली. सिंधूबाई "काय म्हनलीस? काय म्हनलीस?" असं विचारत राहिल्या.

आबा दोर धरून उठले. ज्या घोषणांवर त्यांची हयात गेली, त्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याच कानांना खुपत होत्या. धक्क्याकडं तोंड करून, सोसायटीच्या हॉलमध्येही कधी लावला नव्हता असा आवाज त्यांनी लावला.

"गप बसा रं समदी. तिला ऐकू येऊ द्या."