नळीतली पेज

नवऱ्याचं नाव मी आजही घेत नाही, पण पावस गावात त्यांना सगळे भागोजी कलमवाला म्हणत. हापूसची कलमं बांधावी तर यांनीच. शंभर बांधली तर नव्वद जगत, आणि मेलेल्या दहांचा राग आठवडाभर माझ्यावर निघे.

१९३८ च्या दिवाळीत यांच्या घशाखाली भाकरी अडकायला लागली. मी म्हटलं, घास नीट चावा, पाठीस लागलंय का कुणी? मग भात अडकला, मग मऊ भातसुद्धा. रत्नागिरीच्या डॉक्टरने घशातून सळई घालून वाट मोकळी केली, ती आठ दिवस टिकली. अशी चार वेळा सळई झाली. पाचव्यांदा रक्त आलं, तेव्हा तो म्हणाला, मुंबई गाठा.

माझा दीर महिपत मुंबईला गिरणीत होता, त्याने इस्पितळात नेलं. तिथला डॉक्टर विलायतेत शिकून आलेला, तरणाच. अन्ननलिकेला कॅन्सर आहे, म्हणाला. आजवर पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवायची, तिच्यातून पेज ओतायची आणि रोग तसाच ठेवायचा, एवढंच हातात होतं. आता छाती उघडून रोगट तुकडा काढायचा, जठर वर ओढून वरच्या टोकाला जोडायचं, अशी नवी रीत निघाली होती. साधलं तर माणूस पुन्हा तोंडाने जेवणार.

 हे म्हणाले, "आमच्या कलमात जोड धरेपर्यंत हापूसची फांदी झाडापासून तोडत नाहीत. तुम्ही आधीच तोडणार. मग जोड धरतो?"

डॉक्टर स्टूल ओढून बसला. "बऱ्याचदा नाही धरत," म्हणाला. "आतच सुटतो आणि माणूस जातो."

यांनी विचारलं, तुम्ही किती जणांचं केलंत? दोघांचं, आणि दोघेही गेले.

अंगात ताकद नसताना छाती उघडायची नाही, असं ठरलं. आधी नळी बसवली. घरी जाऊन अंग धरा, शंभर रत्तल भरलात तर पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने या, असं डॉक्टरने बजावलं. त्यानंतर बोटी बंद, आणि रोग काही बोटींसाठी थांबणार नव्हता. हे लगेच हो म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही.

घरी आल्यावर दिवसातून पाच वेळा मी नळीला नरसाळं लावून पेज ओतायची. होळीला दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर चौऱ्याण्णव रत्तल भरले. लोक म्हणाले, भागोजी सावरला. मला मात्र उठता-बसता ते मेलेले दोघेच आठवत. आणखी सहा रत्तल, की हे तिसरे.

मग मी पेजेत पाणी वाढवलं. जिभेला काही लागतच नव्हतं, यांना कळणार कसं? नवऱ्याला अर्धपोटी ठेवणारी बाई मी, सांगायची लाज वाटते. पण घरात, डोळ्यांसमोर तरी राहतील, एवढंच तेव्हा सुचलं. चैत्रात ब्याण्णव भरले, वैशाखात नव्वद. महिपतचं पत्र आलं, बोटीची तारीख घेऊन. मी मास्तरांकडून लिहून घेतलं, वजन भरत नाही, येत नाही.

बोट सुटली त्या दुपारी हे ओट्यावर बसले होते. मी नरसाळं लावलं. पेज भसकन उतरली. ती बघत म्हणाले, "पातळ केलीस ता मला पयल्याच दिवशी कळला गो. कशी झरझर उतरते."

मी नरसाळं काढून खाली ठेवलं. मग बोलला का नाहीत, असं कसंबसं विचारलं.

"बोललो असतो तर जावा लागला असता."

मी आत गेले आणि दाट पेज करून आणली. बोट तर गेलेलीच होती.