दुसऱ्या भागातली जादूगारीण

कॉम्प्युटर गेमच्या पहिल्या भागात माझी जादूगारीण उडायची. भिंत आडवी आली की वरून पलीकडे. नदी आली की पाण्यावरून चालत. आणि मंत्र तरी कुठले, तर मीच बनवलेले! थोडी आग, थोडा वारा, हवं ते एकत्र करायचं आणि त्याला आपण नाव द्यायचं. जादू संपली की तिला झोपवायची. उठली की पुन्हा भरलेली. एवढी मोकळीक तोवर मला कुणी दिली नव्हती. आमच्या गिरीज गावच्या घरी बसस्टॉपपर्यंत एकटी निघाले तरी कुठे, कशाला, कुणाबरोबर, कधी येणार, सगळं सांगावं लागायचं.

हा सगळा कारभार चालायचा बोळिंजला, मावशीच्या फ्लॅटमध्ये. कॉम्प्युटर मावसभावाचा. तो माझ्याहून मोठा, म्हणून दादा; आणि इंजिनिअरिंगला, म्हणून फार शहाणा. मी बारावी देऊन बसलेली. मावशीसाठी वाडीतल्या केळ्यांची उन्हात सुकवलेली सुकेळी घेऊन जायचे, डबा तिच्या हातात द्यायचे आणि थेट खुर्ची पकडायचे. गेममध्ये मी दादापेक्षा चांगली होते. उगाच लाजून काय सांगायचं, होतेच.

मग त्याने दुसऱ्या भागाची सीडी आणली. कुणाकडून तरी कॉपी केलेली, त्यामुळे सोबत माहितीची पुस्तिका नाही. पहिल्या भागातलं आपलं पात्र यात नेता यायचं, पण एकच. अर्थातच माझी जादूगारीण गेली. आणि बघते तर काय, उडणं बंद. मंत्र बनवणं बंद. दिलेत त्यातलेच वापरा. झोपून जादू भरणं बंद. आता जादू जमिनीतल्या झऱ्यांतून यायची, आणि झरा आटला की कायमचा मेला. माझा नुसता तिळपापड झाला. मुलगी मोठी झाली की घरचे एकेक गोष्ट बंद करत जातात, तसलाच हा प्रकार. मंत्र बनवणं काढून टाकलं ते तर मला आजही पटलेलं नाही.

पण जुनी सवय जाते कुठे. दिसेल त्याच्यावर आग ओतत गेले आणि झरे एकामागून एक मारत गेले. मोठ्या खिंडीपाशी पोचले तेव्हा मागे सगळं कोरडं. खिंडीतला राक्षस एका फटक्यात मला लोळवायचा. पुन्हा पुन्हा तेच. दादाने समजावलं की पहिल्या भागात जादू फारच जोरात होती, म्हणून गेम बनवणाऱ्यांनी मुद्दाम तिचे पंख छाटलेत. आता तलवारवाला योद्धाच घ्यायचा. कॉलेज उघडेपर्यंत खिंड ओलांडली नाहीस, तर हिला पुसून मी योद्धा घेणार, असंही त्याने सांगून टाकलं. कॉम्प्युटर त्याचा. बोलणार काय? इतके महिने मी वाढवलेली पोर, आणि हा पुसणार म्हणे.

धुसफुसत घरी आले. बाबांनी मोटर बघायला विहिरीवर पाठवलं. आमच्याकडे मे महिन्यात विहीर कुणी तळापर्यंत उपसत नाही. पाणी अर्ध्यावर आलं की मोटर बंद. जास्त ओढलं तर समुद्राचं पाणी आत शिरतं, विहीर खारी होते आणि केळी करपतात. हे मला लहानपणापासून पाठ. बटण दाबून मोटर बंद केली आणि तिथेच उभी राहिले. मी ते झरे तळापर्यंत उपसले होते. वाडीतली मुलगी असून! माझं मलाच हसू आलं.

दुसऱ्या दिवशी बोळिंजला जाऊन सगळ्यात जुना सेव्ह उघडला, झरे अजून जिवंत होते तेव्हाचा. आता प्रत्येक झऱ्यातून थोडंच घेतलं आणि पुढे गेले. फिरून आले तर झरा काठोकाठ. उडता येत नव्हतं म्हणून चालले, चालले म्हणून गावं लागली, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी घरामागचे लपलेले झरे दाखवले. पहिल्या भागात मी या सगळ्यांच्या डोक्यावरून उडून गेले असते. मोकळीक कमी झाली होती हे खरंच, पण उरलेली मी पुरती वापरत होते.

कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी खिंड आली. दादा खुर्चीमागे उभा. राक्षस अर्धमेला झाला आणि झराही अर्ध्यावर आला. दादा म्हणाला, "उपस सगळा, संपव त्याला."

"नाही उपसणार," मी म्हटलं.

मागे फिरले. तो कपाळाला हात लावून बसला. मी चालत दुसऱ्या झऱ्यापाशी गेले, तिथून घेतलं, परत आले. तो राक्षस पडला तेव्हा खिंडीतला एकही झरा मेलेला नव्हता. स्वयंपाकघरातून मावशी काय झालं विचारत बाहेर आली, एवढ्या जोरात मी टेबलावर थाप मारली होती.

दादाने माझ्या हातातून माउस घेतला. आता हिला पुसतोय की काय! पण त्याने ड्रॉवरमधून कोरी फ्लॉपी काढली आणि माझ्या जादूगारणीची कॉपी करून ठेवली.

"तिसरा भाग आला की हिलाच न्यायचं," तो म्हणाला. "पण खेळायचं तू. मला नाही जमणार हे."

मी म्हटलं, बघू, वेळ मिळाला तर येईन. एवढा भाव तर खायचाच.