अण्णांची वाघाची गोष्ट

अण्णा गेल्याचं पत्र खोडाळ्याच्या शाळेत माझ्या हाती पडलं, तेव्हा मुलं पाढे म्हणत होती. मी त्यांना थांबवलं नाही. पाढे संपेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलो... नंतर सुट्टी दिली.

अण्णा माझे थोरले भाऊ; पुण्याच्या एका मासिकात मुलांसाठी गोष्टी लिहीत. मी जव्हार संस्थानात मास्तरकी पत्करल्यावर ते एकदा हट्टानं माझी शाळा पाहायला आले. इगतपुरीपासून बैलगाडीनं हाडं खिळखिळी झाली होती, पण तोंड गप्प बसेल तर शपथ! "पुण्याची पोरं शिष्ट झालीत रे. गोष्ट आवडली का विचारलं की माना डोलावतात. मला तोंडावर बोलणारी पोरं दाखव." घ्या म्हटलं, हौस फिटेल. आमच्याकडे थोरामोठ्यांनाही 'तू'च म्हणतात. वर्गात पाऊल टाकताच एकानं विचारलं, "तुझा धोतर इतका पांढरा कसा? तू काम नाय करत?" अण्णा पोट धरून हसले. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिला नाही.

मग त्यांनी आपली गाजलेली गोष्ट काढली. वाघ आईला गिळतो, मुलगा त्याचं पोट चिरतो, आई हसत बाहेर येते. डरकाळीही फोडून दाखवली. वर्ग एकदम गार पडला. या रानात त्या जनावराचं नाव कोणी घेत नाही. वाघबारशीला त्याच्या देवापुढं नारळ फोडायचा, एरवी नुसतं 'मोठा जनावर' म्हणायचं. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसणारी जानी उठली.

"नाव नको घेऊ त्याचा. ऐकतो तो." मग थोडं पुढं येऊन म्हणाली, "आयस जित्ती निघाली?"

"निघाली ना!" अण्णा रंगात आले होते.

"माझे आयसलापन त्यानंच नेली. सूर्यमाळच्या रानात. तू काढ ना तिला."

कोणी हसलं नाही. सगळी पोरं अण्णांकडे पाहत होती. त्यांना खरंच वाटत होतं, हा माणूस काढील. "मी... परत येईन," अण्णा एवढंच म्हणाले.

ते आले नाहीत. हळूहळू लिहिणंही सुटलं. शेवटचा भेटलो तेव्हा अंथरुणाला खिळले होते, नजर दाराकडे. "ती उभी असते रे तिथं. अजून तेवढीच आहे. काही बोलत नाही, वाट बघते." पोरं विसरतात, मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. दार लोटू का विचारलं, तर नको म्हणाले.

पत्र आल्यावर चार दिवसांनी मी जानीच्या पाड्यावर गेलो. आता ती दोन लेकरांची आई आहे. नाचणी दळत होती. ऐकून तिचा हात थांबला.

"तो गोष्टीवाला? मेला?... मंग तो आता माझे आयसकडंच गेला." जरा वेळानं तिच्या कपाळावर आठी पडली. "पन हाक कशी मारील? तिचा नाव कुठं विचारला त्यानं?"

मी नाव विचारलं. तिनं सांगितलं आणि पुन्हा जात्याचा खुंटा धरला.

तेव्हापासून शाळा सुटली की मी लगेच कुलूप लावत नाही. वर्ग रिकामा झाला की अण्णा जिथं उभे होते तिथं जातो आणि हळूच सांगतो, "अण्णा, बुधी. तिचं नाव बुधी."