पायाखालची घंटी

“ट्राम वळवायचं काम रुळांचं, माझं काम एवढंच की खाली कुणी येऊ नये,” असं कमलाकांत ताम्हणे एकदा म्हणाला होता. नोकरीत नेमकं काय करावं लागतं, असं त्याच्या मोठ्या भावानं, अच्युतनं, विचारलं होतं. उत्तर ऐकून अच्युतनं विषय बदलला.

ताम्हण्यांच्या घरात तीन पिढ्या कारकून होते. आजोबा कस्टम्समध्ये, वडील अप्पा हायकोर्टात, अच्युत सचिवालयात. कमलाकांत दोनदा मॅट्रिकला बसला, दोन्ही वेळा गणितात राहिला आणि ट्रामवर ड्रायव्हर म्हणून लागला. ही गोष्ट घरानं कधी लपवली नाही, फक्त अर्धी सांगितली. तो ‘कंपनीत’ असतो असं म्हटलं जाई. ऐकणारा मग टेबल-खुर्ची मनातल्या मनात स्वतःच मांडून घेई. सरोजिनीच्या माहेरच्यांनीही मांडली. लग्नाला तीन महिने झाल्यावर ती एका मैत्रिणीबरोबर गिरगावात ट्रामची वाट बघत होती. ट्राम आली. पुढं खाकी कपड्यांत नवरा उभा होता. ती चढली, तिकीट काढलं आणि धोबीतलावला उतरली. संध्याकाळी तो घरी आल्यावर म्हणाली, “अहो, उन्हात टोपी घालत जा.” त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

ट्राम उभ्यानं चालवायची असे. डाव्या हातात वेगाचं हँडल, उजव्या हातात ब्रेकचं, आणि उजव्या पायाखाली घंटी. कुणी मधे आलं की पाय आपटायचा. माणसं रुळांवरून पाठमोरी चालत असत, घंटी ऐकली की मागं न बघता बाजूला होत. न बघता. यात कमलाकांतला काहीतरी फार मोठं वाटे, पण ते काय, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. एकवीस वर्षांत त्याच्या ट्रामखाली एक छत्री आणि एक रिकामी करंडी आली. छत्रीबद्दल त्यानं लेखी खुलासा दिला होता.

छप्पन्न साली लालबागला जमावानं त्याची ट्राम अडवली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं ओरडत लोकांनी काचा फोडल्या. त्याआधी एकानं त्याला सांगितलं, “मास्तर, तुम्ही उतरा, तुमचं काय नाय.” कमलाकांत उतरला, वेगाचं हँडल काढून काखेत धरलं आणि दादरच्या डेपोपर्यंत चालत गेला. हँडलची पोच घेतली. अच्युत सरकारी नोकर असल्यामुळं त्या दिवसांत तो घोषणा घरातच देत असे, तेही खिडकी लावून.

अठ्ठावन्न साली कंपनीनं एकेक मार्ग बंद करायला घेतला. ड्रायव्हरांना कळवलं की, तीन महिन्यांत मोटारीचं लायसन्स काढेल त्याला बस मिळेल. बाकीच्यांना आत घेऊ. आत म्हणजे बहुतेकांना झाडू आणि तेलाचे डबे. कमलाकांत मॅट्रिकपर्यंत पोचलेला होता, म्हणून त्याच्यासाठी आत म्हणजे आवक-जावक विभागातलं टेबल होतं.

अच्युतनं त्याच संध्याकाळी अर्ज लिहून आणला. सहीची जागा तेवढी मोकळी होती.

“कमू, अगदी ताटात वाढून आलंय. मोटारीच्या मागं कशाला लागतोस या वयात?”

“मी ड्रायव्हर आहे, दादा.”

“तू मॅट्रिकपर्यंत शिकलेला आहेस.”

“नापास.”

“अर्जात तसं लिहिलेलं नाही.”

कमलाकांतनं अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी लॉरीवर शिकायला गेला.

शिकवायला शामराव होता. युद्धात ब्रह्मदेशाच्या बाजूला त्यानं लष्करी लॉऱ्या चालवल्या होत्या, आणि आपल्याला आता कशाचंच भय वाटत नाही असं तो सगळ्यांना सांगे. परळच्या नाक्यावर रस्ता डावीकडे वळला. कमलाकांत वळला नाही.

“ताम्हणे, चाक!”

“हो.”

“हो काय? फिरवा ना! आपोआप फिरेल होय ते?”

लॉरी फुटपाथवर चढून दिव्याच्या खांबापाशी थांबली. ही खोड दोन दिवसांत गेली. हातांनी ऐकलं. पायानं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी भायखळ्याला भाजीचा हातगाडीवाला समोर आला. कमलाकांतनं उजवा पाय आपटला. लॉरीनं जनावरासारखी उडी घेतली. शामरावनं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. हातगाडीवाला गाडी टाकून दुकानात शिरला होता.

“काय केलंत हे?”

“घंटी वाजवली.”

“कुठाय घंटी?”

कमलाकांतनं खाली वाकून पाहिलं. तिथं अ‍ॅक्सिलरेटर होता.

“बर्मा परवडला,” शामराव म्हणाला आणि विडी पेटवली. विडी पेटायला तीन काड्या लागल्या.

पहिल्या परीक्षेला हेच झालं. समोर सायकलवाला आला आणि परीक्षा घ्यायला शेजारी बसलेल्या साहेबानं स्वतः हँडब्रेक ओढला. साहेबानं शेऱ्यात लिहिलं, ‘उमेदवार माणूस दिसताच वेग वाढवतो.’ कंपनी आणखी एकदाच पाठवणार होती.

मग घरी तालीम सुरू झाली. कमलाकांत स्टुलावर बसे. पुढं तीन पाट मांडलेले: क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. हातात पितळेची परात, स्टिअरिंग म्हणून. सरोजिनी सुपात तांदूळ निवडत खोलीत इकडून तिकडे फिरे आणि मन मानेल तेव्हा त्याच्या समोरून आडवी जाई. उजवा पाय मधल्या पाटावर पडायला हवा होता. तो शेवटच्या पाटावर आदळे. खालच्या बिऱ्हाडातून झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं जाई.

“मेले मी,” सरोजिनी म्हणे आणि पुढचा खडा काढी.

“पुन्हा ये.”

“येते. पण जरा तुम्ही मोठे डोळे करू नका हो. मला आधीच कळतं, आता मरणार म्हणून.”

पहिल्या आठवड्यात ती रोज मेली. दुसऱ्या आठवड्यात दिवसाआड. एकदा तर तिनं जाताजाता सूपच टाकलं त्याच्यापुढं, तेव्हाही पाय मधल्या पाटावर पडला. तांदूळ दोघांनी मिळून गोळा केले. “सुटलात तुम्ही,” ती म्हणाली. “आता दादांचा अर्ज चुलीत घाला.” कमलाकांत म्हणाला, घालू. अर्ज त्यानं पुन्हा खिशातच ठेवला.

दुसऱ्या परीक्षेला साहेब तोच होता. लॉरीत चढताना त्यानं हँडब्रेक चाचपून पाहिला. कमलाकांत दादरहून प्रभादेवीपर्यंत गेला. जिथं वळायचं तिथं वळला. हात बाहेर काढून इशारे दिले. गल्लीत लॉरी मागं घेतली. एक टांगा आडवा आला तेव्हा पाय बरोबर ब्रेकवर पडला, आणि साहेबानं फायलीतून मान वर करून प्रथमच त्याच्याकडं पाहिलं.

परत येताना देवळाच्या पुढं एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन रस्त्यात उतरली. तिची पाठ होती. ती रुळांवरची माणसं चालत तशीच चालत होती, निर्धास्त. कमलाकांत त्या वेळी गियर बदलत होता. उजवा पाय उचलला गेला आणि खाली आपटला.

अ‍ॅक्सिलरेटरवर.

डावा पाय क्लचवर दाबलेला होता, म्हणून वेग वाढला नाही, नुसतं इंजिन भयंकर ओरडलं. कोळीण दचकून बाजूला झाली. “मेल्या, डोले फुटले काय तुजे?” असं म्हणून तिनं पाटी सावरली. ती मघाशी चालत होती त्या जागेवरून लॉरी हळू पुढं गेली. क्लच सुटायला एका श्वासाचा अवकाश होता. तो सुटला असता तर लॉरीनं उडी घेतली असती. हे लॉरीतल्या दोन माणसांपैकी एकालाच कळलं.

“छान,” साहेब म्हणाला. “या बायांना हॉर्न ऐकू येत नाही. इंजिन ऐकू येतं.”

लायसन्स ऑफिसच्या दारात शामराव वाट बघत होता. साहेबाचा चेहरा बघून त्यानं दुरूनच हात वर केला. “ताम्हणे, पेढे! नुसता चहा नाही चालणार, पेढे!”

आत साहेबानं लायसन्सचं छोटं पुस्तक भरलं. नाव, वडिलांचं नाव, वय बेचाळीस. शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि पुस्तक फिरवून कमलाकांतपुढं सरकवलं. स्वतःचं पेन उघडून दिलं.

“सही करा इथं.”

कमलाकांतनं पेन घेतलं. “साहेब, ती कोळीण.”

“तिचं काय?”

“तेव्हा माझा पाय ब्रेकवर नव्हता.”

“मग कुठं होता?”

“घंटीवर.”

बाहेर पुढचा उमेदवार खोकला.

“तिला लागलं का?”

“नाही.”

“गाडी तिच्या अंगावर गेली का?”

“ती बाजूला झाली.”

“झाली ना? मग. एकदा चुकतो माणूस. बस हातात आली की जाते सवय. चार-सहा महिन्यांत.”

“चार-सहा महिने,” कमलाकांत म्हणाला.

“हां. फार तर. करा सही, मागं रांग आहे.”

कमलाकांतनं आपलं नाव वाचलं. अक्षर सुरेख होतं. ड्रायव्हर हा शब्द छापील होता. साहेब दुसरी फाईल उघडून तिच्यात बघू लागला, आणि त्यानं बघितलं नाही तेवढ्या वेळात कमलाकांतचा उजवा पाय टेबलाखाली एकदा उचलला गेला. तो त्यानं डाव्या पायानं दाबून धरला.

मग त्यानं पेनाचं टोपण लावलं, पेन लायसन्सवर ठेवलं, पुस्तक साहेबाच्या बाजूला परत सरकवलं आणि खिशातला अर्ज चाचपत बाहेर पडला.