मायच्या मागचा सिंह

"सिंह काढ त्याच्यातून. कोयता लाव."

माय ज्याच्या रानात खुरपायला जायची, त्या मालकाचा पोरगा मला सांगत होता. ताडकळसच्या बाजाराचा दिवस, फ्लेक्सच्या दुकानात गर्दी. मी काँप्युटरवर बसलेली आणि माझाच मोबाइल त्याच्या हातात. त्यावर माझं स्टेटस, त्यात माझी माय. भरजरी शालू, सोन्याची खुर्ची, मागं डरकाळी फोडणारा सिंह. सगळं मीच जोडलेलं. खाली वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

माझा गुन्हा एवढाच, की हीच खुर्ची, हाच सिंह त्याच्या बापाच्या बॅनरवर होता. आणि वाढदिवसही एकाच दिवशी. आमच्याकडं जुन्या माणसांना जन्मतारीख माहीत नसते. शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून टाकायचे. मालकाला टाकली, मायलाही टाकली. गुरुजींनी जात बघितली नाही. ह्यांना मात्र सिंहाचीही जात दिसली.

"आमच्या रानात खुरपणारी बाई, अन् तिला सिंह? लोक हसायलेत आमाला."

हा मालक म्हणजे कोण? टक्कल आणि सुटलेलं पोट. दर वर्षी मीच त्याला केस लावायचे, पोट आत ढकलायचे, रंग उजळायचे. मग तो राजा होऊन चौकात लटकायचा आणि आमची माणसं खालून माना वर करून बघायची. बॅनरच्या तळाला शुभेच्छुकांची रांग, लिंबाएवढी तोंडं. कुणाचं तोंड आधी, यावरून गावात भांडणं. आमच्या गल्लीतलं तोंड त्या रांगेतही कधी आलं नाही.

पोरानं माझ्यादेखत स्टेटस पुसलं. मग उपकार केल्यासारखा म्हणाला, "जाऊ दे. तिला खाली शुभेच्छुकात टाक. कोपऱ्यात. आमी काय न्हाई म्हणत न्हाई."

दुकानदारानं लगेच री ओढली. "टाक की पोरी. लय मोठं मन हाय त्यायचं."

असल्या वेळी माझी मान आपोआप हलायची. त्या दिवशी हलली नाही. वाटलं, रडू येईल. रडू आलं नाही, किळस आली. मोबाइल हिसकावून घेतला आणि मायचा तोच फोटो सरळ गावाच्या ग्रुपवर टाकला.

"भैय्या, मालकाचे केस मीच लावलेत. ते बी काढू का?"

बाजाराला आलेल्या दोन बाया फिदीफिदी हसल्या. तो शिव्या देत निघून गेला. दुकानदारानं मला त्याच पावली घरी पाठवलं. ते काम गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी मालकानं मायला बांधावरूनच परत पाठवलं. घरी येऊन तिनं खुरपं आपटलं. "तुझ्या फोटोपायी माझं काम गेलं. काढून टाक ते!"

तिचं खोटं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तरी म्हणाले, "त्यायनं काढ म्हणलं म्हणून काढायचं का?"

मायनं मोबाइलकडं हात केला. मग म्हणाली, "दाखव बरं." बराच वेळ बघत राहिली.

"शालू कुणाचा हाय?"

"तुझाच."

आता आम्ही दोघी दुसऱ्या गावच्या रानात जातो. मध्यंतरी मालकाचा निरोप आला, ग्रुपवरचा फोटो काढून टाका, कामावर या. निरोप्याला मी दारातूनच वाटेला लावलं. फोटो काढणार नाही. येत्या वाढदिवसाला तो फ्लेक्सवर छापून चौकात लावणार आहे, मालकाच्या बॅनरला खेटून, त्याच मापाचा. फाडला तर दुसरा लावीन.