आमची टीम हरावी म्हणून

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी मला निरोप दिला तो माझी बॅग तिसऱ्यांदा उचलून बघत. वजन बरोबर असल्याचं घरच्या काट्यावर दोनदा दिसलं होतं, पण हातांना काहीतरी काम हवं होतं. आई डोळे पुसत पराठ्यांचा डबा वरच ठेवलाय ना, एवढंच विचारत होती. माझी दोन वर्षांची लेक सई नवऱ्याच्या कडेवर होती. मी म्हटलं, "चारच वर्षं, बाबा. अनुभव घेते आणि येते." अगदी मनापासून म्हटलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांना पुढचं सांगायला नको. आधी पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, होऊ दे, मग सिटिझनशिप, मग घर, मग सईची शाळा. नागपुरात माझ्या हाताखाली सहा जण काम करत होते, इथे ऑस्ट्रेलियात ‘लोकल एक्स्पीरियन्स’ नाही म्हणून मी आठ महिने गोदामात खोकी भरली. लग्नं चुकली, बारशी चुकली. आई गेली तेव्हा मी पोचले ती तिसऱ्या दिवशी. आत्ता सोसू, पुढे मिळेल, या एका वाक्यावर आम्ही सगळं निभावलं. बाबांनाही फोनवर दर वर्षी तेच सांगायचे, पुढच्या वर्षी नक्की.

यंदा बाबा तीन महिन्यांसाठी मेलबर्नजवळ आमच्या पॉइंट कुकला आले, पहिल्यांदाच एकटे. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर पोरांना बास्केटबॉल शिकवला. त्यामुळे माझ्या तेरा वर्षांच्या सईचं आणि त्यांचं आल्या आल्याच गूळपीठ जमलं. सई अमेरिकेतल्या एका टीमची भक्त आहे, कारण तिथे राखीव खेळाडूंच्या बाकावर आमच्या मेलबर्नचा एक मुलगा बसतो. तिकडची संध्याकाळची मॅच इथे सकाळी नऊला लागते. शनिवार-रविवारी दोघं सोफ्यावर आणि मी कांदे चिरत स्वयंपाकघरात, असा आमचा बेत ठरून गेला.

टीम अगदी तळाला होती. नातीची टीम हरते हे बाबांना बघवेना. मग त्यांनी आपल्या परीने उपाय केला. घरासमोरच्या नेचर स्ट्रिपवर, म्हणजे रस्ता आणि फुटपाथमधल्या गवताच्या पट्टीत, त्यांना दूर्वा सापडल्या. इथले लोक तिला कूच ग्रास म्हणतात आणि तणनाशक मारून घालवतात. बाबा मॅचच्या आधी एकवीस दूर्वा खुडून देवघरातल्या गणपतीला वाहू लागले. शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, तुझ्या वडिलांचं काही हरवलंय का. आणि टीम लागोपाठ तीन मॅच जिंकली.

बाबा खूश झाले आणि सईने तोंड पाडलं. शेवटी दूर्वांचा पत्ता लागल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली, "आबा, प्लीज स्टॉप. वुई नीड टू लूज." मग तिने समजावलं. सीझन संपला की नव्या खेळाडूंची निवड होते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. जितके तुम्ही खाली, तितकी निवडीत पहिला नंबर मिळायची शक्यता जास्त. यंदा एक पोरगा असा येतोय की तो मिळाला तर पुढची दहा वर्षं आपली. म्हणून चांगल्या खेळाडूंचा गुडघा दुखतो असं सांगून त्यांना बसवून ठेवायचं. मधेच कुठेतरी लटकत राहण्यापेक्षा एकदाच नीट हरावं.

मला तिचं पटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. इतकी वर्षं आम्ही दुसरं काय केलं होतं?

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "बरोबर असंल तुझं. पण आत्ता जे पोट्टे खेळून राहिले, त्यांचं काय?"

सईने खांदे उडवले. प्रश्न तिला होता, लागला मला. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत. माझ्या ‘पुढच्या वर्षी’च्या हिशेबात ते कुठेच बसत नव्हते, आणि हे मला कांदा चिरताना कळलं याची लाज वाटली.

त्यांनी दूर्वा बंद केल्या. नातीचा शब्द मोडायचा नाही, एवढंच. सीझनची शेवटची मॅच रविवारी होती, बाबांच्या विमानाला चार दिवस उरले होते. टीम एका गुणाने मागे, शेवटची काही सेकंदं, आणि बाकावरचा मेलबर्नचा मुलगा आत आला. त्याने लांबून बॉल टाकला आणि तो बास्केटमध्ये गेला. सई सोफ्यावर उभी राहून किंचाळली, आबांच्या गळ्यात पडली, आणि मग तिला ड्राफ्ट आठवला. ती मटकन खाली बसली, पण गालातलं हसू काही जाईना. बाबांनी तिला चिडवायचीही तसदी घेतली नाही, नुसतेच हसत राहिले.

दुपारी मी आणि बाबा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. नवऱ्याशी माझं परत जाण्याच्या विषयावर केव्हाच बोलून झालं होतं, राहिले होते ते बाबा. मी ओला टॉवेल हातात धरून सांगून टाकलं, "बाबा, आम्ही परत येणार नाही. राहायला नाही येणार."

त्यांनी सईची जर्सी झटकली, दोन चिमटे लावले. "मला माहीत आहे बेटा. तुझी आई होती तेव्हाच कळलं होतं आम्हाला. तू पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत होती, म्हणून आम्हीही हो हो करून राहिलो. आता यंदाचं काय ते सांग."

मला रडू आलं. इतकी वर्षं मी त्यांना दिलासा देते आहे असं समजत होते, आणि दिलासा तेच देत होते. वाईट वाटलं, पण खूप हलकंही वाटलं.

घर म्हणजे जिथे एक दिवस परत जायचं ते गाव, असं मी धरून चालले होते. त्या एका दिवसाच्या नादात हाताशी असलेले दिवस गेले. आता ठरलंय की दिवाळीला आम्ही नागपूरला जाणार, आणि जानेवारीत बाबांना पुन्हा इथे बोलावून घेणार. दिवाळीची तिकिटं काढली तेव्हा परतीची तारीख बाबांना पहिल्यांदाच आधी सांगितली. ते म्हणाले, सतरा दिवस, पुष्कळ झाले.